वैतरणा आगबोट : दिवे होते, होड्या अपुऱ्या होत्या



बुडालेले जहाज म्हटले की आपल्याला टायटॅनिक आठवते. ते १९१२ सालचे. पण त्याच्या २४ वर्षे आधी, मुंबईला निघालेली एक आगबोट अरबी समुद्रात नाहीशी झाली. तिचे नाव वैतरणा. आपल्या नाशिक-पालघरमधून वाहणाऱ्या नदीचेच नाव! आज तिची माहिती घेऊया.

बोट कशी होती?
वैतरणा १८८५ साली स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथ येथे बांधली गेली. ती वाफेच्या इंजिनावर चाले. कच्छमधील मांडवी ते मुंबई अशी माणसे आणि माल घेऊन तिची ये-जा असे. कच्छमध्ये तेव्हा रेल्वे पोहोचलीच नव्हती, त्यामुळे मुंबई गाठायला समुद्राचा रस्ता सोयीचा. बोटीवर चक्क विजेचे दिवे होते. गावोगावी कंदील-पणत्या असण्याचा तो काळ! म्हणून लोक तिला कौतुकाने ‘वीजळी’ म्हणू लागले. वीजळी म्हणजे गुजरातीत वीज.

काय घडले?
८ नोव्हेंबर १८८८ रोजी ती मांडवीहून निघाली. द्वारकेला आणखी प्रवासी चढले. मॅट्रिकची परीक्षा द्यायला मुंबईला निघालेली मुलेही त्यात होती, असे सांगतात. पुढे वादळ सुरू झाले आणि पोरबंदरला बोट थांबू शकली नाही. त्यानंतर सौराष्ट्राच्या किनाऱ्यासमोर ती बुडाली. सातशेहून जास्त माणसे गेली, एकही वाचला नाही. तेव्हा बोटींवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती, मग मदत मागणार कशी? शोधासाठी बोटी पाठवल्या, पण वैतरणा सापडली नाही.

चौकशीत काय आढळले?
मुंबई सरकारने चौकशी नेमली. बोटीवर जीवरक्षक होड्या आणि जॅकेट पुरेशी नव्हती, असे त्यात आढळले. टायटॅनिकवरही होड्या कमीच होत्या. म्हणजे २४ वर्षांनी, दुसऱ्या महासागरात, तीच चूक पुन्हा झाली.

वैतरणेवरचे दिवे सगळ्यांना दिसत होते, म्हणून त्यांचे कौतुक झाले. होड्या किती आहेत हे मात्र कोणी मोजले नाही. मुलांनो, सुरक्षेची साधने संकट येईपर्यंत बिनकामाचीच वाटतात. म्हणूनच ती आधी मोजायची असतात.

विचार करा व लिहा :
१. लोक वैतरणेला ‘वीजळी’ का म्हणत?
२. बोट बुडत असल्याचे किनाऱ्यावर का कळले नाही?
३. तुम्ही होडीत किंवा लाँचमध्ये बसताना काय काय पाहाल?