एमएस असला तरी चालतं राहायचं

उन्हाळ कांद्याची काढणी सुरू झाली की बागलाणात कामं सकाळी लवकर उरकली जातात. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस असलेल्यांनाही हेच वेळापत्रक मानवतं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. आवरण विरलेल्या तंतूंतून संदेश जेमतेम पोचतात. त्यात अंग तापलं, अगदी अर्ध्या अंशाने जरी, तरी ते अडखळतात. डोळ्यांसमोर धूसर होतं, पाय जड पडतात.

जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊथॉफ यांनी १८९० मध्ये हे नोंदवलं. श्रमानंतर रुग्णांची नजर मंदावत होती. विसाव्या शतकात बराच काळ डॉक्टर अशा रुग्णांना ‘दमू नका, पडून राहा’ असंच सांगत. तो सल्ला चुकीचा होता. उष्णतेने वाढलेला त्रास अंग गार झालं की ओसरतो. त्याने तंतूंची नवी हानी होत नाही. पडून राहिल्याने मात्र स्नायू खरोखरच झिजतात.

हे आधी ओळखलं ते एका खेळाडूने. अमेरिकेचा जिमी ह्यूगा १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिम्पिकमध्ये स्कीइंगचं कांस्यपदक जिंकला. १९७० मध्ये एमएसचं निदान झालं आणि व्यायाम बंद करण्याचा सल्ला मिळाला. काही वर्षांत तब्येत ढासळली, तेव्हा त्याने स्वतःच सराव पुन्हा सुरू केला. पुढे व्हीलचेअर आली, तरी २०१० पर्यंत तो जगला आणि आपल्यासारख्यांना व्यायाम शिकवणारी संस्था उभी करून गेला. १९९६ मध्ये युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी एमएसच्या रुग्णांकडून १५ आठवडे व्यायाम करून घेतला. त्यांची ताकद आणि उमेद दोन्ही वाढली.

म्हणून बागलाणातल्या रुग्णाने ऊन चढण्याआधी चालावं, गळ्याभोवती ओला पंचा ठेवावा, दुपारी पंख्याखाली बसून करता येतील ती कामं करावीत. तोल जात असेल तर फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम बसवून घ्यावेत. या आजारातला थकवा खरा असतो. घरच्यांनी त्याला आळस म्हणू नये, ही कळकळीची विनंती.

व्यायाम औषधाची जागा घेत नाही. आजाराचे झटके कमी करणारं पहिलं औषध १९९३ मध्ये आलं. आज अशी अनेक आहेत. बरं वाटतंय म्हणून ती परस्पर बंद करणं धोक्याचं. नवं लक्षण २४ तासांहून जास्त टिकलं, तर डॉक्टरांना कळवावं. ताप किंवा लघवीचा संसर्ग नाही ना, हे आधी तपासलं जातं.

आजार बहुधा विशी ते चाळिशीत, पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त दिसतो. त्यामुळे लग्नाचा, मुलांचा प्रश्न येतोच. एमएस संसर्गजन्य नाही आणि मूल होण्याच्या आड तो सहसा येत नाही; गरोदरपणात झटके उलट कमी होतात, बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत वाढू शकतात. काही औषधं मात्र गर्भाला चालत नाहीत, म्हणून आधी डॉक्टरांशी बोलावं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे. पात्र रुग्णांनी प्रमाणपत्र काढून घ्यावं. मुंबईत १९८५ मध्ये सुरू झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्णांना आधार देते.

आणि घरातल्या तरुण मुलीची किंवा मुलाची एका डोळ्याची नजर दोन-चार दिवसांत मंदावली, डोळा फिरवताना दुखू लागला, तर चष्म्याच्या दुकानावर थांबू नका. ती एमएसची सुरुवात असू शकते; नेत्रतज्ज्ञांना आणि मेंदूविकारतज्ज्ञांना लगेच दाखवा.