टाकी, फ्लोट आणि कॅन्सर

मी मेकॅनिकलचा. जीवशास्त्राला कधीच रामराम ठोकलेला. पण दिवाळीत घरी गेलो तेव्हा मावशीची केमोथेरपी चालू होती. ब्रेस्ट कॅन्सर. ती म्हणाली, "इंजिनिअर होतोयस ना? मग सांग, ह्या पेशी ऐकत का नाहीत?" मला उत्तर देता येईना. परत आल्यावर लायब्ररीत बसलो. जे कळलं ते आपल्या भाषेत सांगतो.

आपल्या गच्चीवरची टाकी आठवा. पाणी उतरलं की फ्लोट खाली येतो, मोटर चालू. टाकी भरली की बंद. पेशीतही अगदी हेच आहे, फक्त पाण्याऐवजी कॅल्शिअम. पेशीबाहेर ते आतल्या द्रवापेक्षा सुमारे १०,००० पट जास्त असतं. त्यामुळे दार जरा उघडलं तरी ते आत घुसतं, आणि आतली पातळी वाढणं हाच पेशीला निरोप असतो : विभाजन कर, हालचाल कर.

पेशीतली साठ्याची टाकी म्हणजे आंतर्द्रव्यजालिका. तिचा फ्लोट म्हणजे 'स्टिम-१' हे प्रथिन; त्याचं हे काम २००५ मध्ये कळलं. टाकी रिकामी झाली की स्टिम-१ पेशीच्या पृष्ठभागाखाली जमतं आणि तिथलं 'ओराय-१' हे दार उघडतं. हे दार २००६ मध्ये सापडलं. नाव ग्रीक पुराणातल्या स्वर्गाच्या द्वारपाल देवतांवरून!

आता बिघाड कुठे? २००९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की ह्या दोन प्रथिनांचं प्रमाण कमी केलं, तर स्तनाच्या कर्कपेशी शरीरात कमी पसरतात. २०१० मध्ये आणखी एक गोष्ट कळली. काही स्तनकर्कपेशींत 'एसपीसीए-२' नावाचं तिसरंच प्रथिन ओरायला उघडं ठेवतं, टाकी भरलेली असली तरी! म्हणजे फ्लोट ठीक आहे, पण कुणीतरी मोटर डायरेक्ट जोडलीय.

फोनवर मावशीला हे सांगितलं. ती म्हणाली, "अरे, मग ते दारच बंद करून टाका की!"

इथेच खरी गोम आहे. आपल्या रोगप्रतिकारक पेशीही हेच दार वापरतात. ओराय-१ मध्ये जन्मजात दोष असलेल्या बाळांना साधा संसर्गही जिवावर बेततो. कर्कपेशीने नवं यंत्र बनवलेलं नाही. आपलंच यंत्र चुकीच्या वायरिंगवर चालवलंय. म्हणून मेन व्हॉल्व्ह बंद करून चालत नाही, ती चुकीची वायर तेवढी शोधून तोडायला हवी.

मावशी हसली. म्हणाली, "म्हणजे काम तुमच्यासारख्यांचंच आहे. अभ्यास कर."

करतोय, मावशी.