धाकट्यांशी मैत्री : काळजी केव्हा करावी?

"डॉक्टर, हा पंधरा वर्षांचा, पण खेळतो दहा-बारा वर्षांच्या पोरांत. डोक्याने कमी तर नाही ना?" सदाशिव पेठेतील एक आई मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. मुलगा मान खाली घालून बसलेला.

मी त्याला तपासले. झोप, भूक, अभ्यास सर्व ठीक. एकट्याशी बोललो, तेव्हा कळले की वर्गात मुले त्याला जाडेपणावरून चिडवतात. वाड्यातली मुले मात्र त्याला 'दादा' म्हणतात.

पालकहो, एका वयाची मुले एका वर्गात बसवणे ही शाळेची सोय आहे. मैत्रीला तसा नियम नाही. आपल्या पुण्यातील गणेश मंडळे आणि ढोलपथके पाहा. तेथे लहान-मोठे एकत्रच वावरतात. धाकटा थोरल्याकडून शिकतो. थोरल्याला धीर धरण्याची व जबाबदारीची सवय लागते.

मात्र मुलाला समवयस्क मित्र एकही नसेल, तर कारण शोधावे. वयाने मोठा मित्र घरापासून गुपिते ठेवायला सांगत असेल, महागड्या भेटी देत असेल, एकांतात बोलावत असेल किंवा तंबाखू-दारूचा आग्रह करीत असेल, तर वेळीच सावध व्हावे. मुलावर न रागावता त्याचे ऐकून घ्यावे. मदतीसाठी १०९८ हा बाल-मदत क्रमांक आहे.

त्या आईंना मी सांगितले, "त्याचा खेळ बंद करू नका. आधी वर्गशिक्षकांना भेटा."

औषध मी काहीच लिहून दिले नाही.