स्पॅनिश शिकताय? मग मराठीतून शिका!

ओला, मित्रांनो! पावसात भिजून आलोय असं समजू नका. स्पॅनिशमध्ये 'ओला' म्हणजे नमस्कार. त्याच्या स्पेलिंगमधला सुरुवातीचा 'एच' मुका असतो. तो लिहायचा विसरलात तर त्याच शब्दाचा अर्थ होतो समुद्राची लाट. पहिल्याच ओळीत दोन शब्द आले, तेही फुकट!

आता तुम्ही म्हणाल, सबमिशन्स, ओरल्स आणि केटीच्या धबडग्यात हे नवीन लचांड गळ्यात कशाला घ्यायचं? प्रश्न रास्त आहे. तर आधी थोडी माहिती. स्पेन, मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिना, पेरू, चिली असं करत करत २० देशांची ही अधिकृत भाषा आहे. सुमारे ५० कोटी लोकांची ती मातृभाषा आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक आहे. शिवाय आपल्या कामाशी तिचा थेट संबंध येतो. टीसीएसने २००२ साली उरुग्वेची राजधानी मोंतेविदेओ इथे केंद्र सुरू केलं. पुण्याच्या बजाजच्या मोटरसायकली कोलंबियाच्या रस्त्यांवर धावतात, आणि पेरूमध्ये बजाजच्या रिक्षाला 'मोतोताक्सी' म्हणतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये वडोदऱ्याला टाटा आणि एअरबसच्या सी-२९५ विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, ते भारत आणि स्पेनच्या पंतप्रधानांच्या हस्ते. एकूण ५६ विमानांपैकी १६ स्पेनमध्ये तयार आणि ४० आपल्याकडे. म्हणजे नोकरीत कुठे ना कुठे गाठ पडू शकते.

पण हा लेख 'स्पॅनिश का शिकावं' यावर नाही. मी गेलं दीड वर्ष ही भाषा शिकतोय. आमच्या बॅचला सुरुवातीला वर्ग भरलेला असायचा. सहाव्या-सातव्या आठवड्यात क्रियापदांचे तक्ते आले आणि निम्मे बाक रिकामे झाले. गळालेल्यांशी बोलताना एक गोष्ट लक्षात आली. बहुतेक जण स्पॅनिश इंग्रजीतून शिकत होते. मनात मराठी, मध्ये इंग्रजी आणि पलीकडे स्पॅनिश, असा डबल कन्व्हर्टर लावला की लॉसेस वाढणारच! माझा मुद्दा एवढाच, की मधला टप्पा काढा.

उच्चार : देवनागरी कामाला लावा

इंग्रजी माणसाला स्पॅनिश 'त' आणि 'द' जमवायला कष्ट पडतात, कारण त्याच्याकडे 'ट' आणि 'ड'सारखे आवाज असतात. आपल्याकडे त-द बालवाडीपासून आहेत. 'ताको' म्हणा, 'टाको' नको. स्वर पाचच, आ, ए, इ, ओ, उ, आणि ते कधी बदलत नाहीत. 'र्र' हा थरथरता उच्चार आपल्याला सहज येतो.

नवीन शिकायच्या गोष्टी मोजक्या आहेत. 'जे' या अक्षराचा उच्चार घशातून घासून काढलेला 'ख', उर्दू 'खुदा'मधल्यासारखा. डबल 'एल'चा उच्चार बहुतेक ठिकाणी 'य', पण अर्जेंटिनात 'श'च्या जवळ जातो. 'बी' आणि 'व्ही' दोन्हींचा उच्चार सारखाच, 'ब'च्या बाजूचा. 'झेड'चा उच्चार लॅटिन अमेरिकेत 'स', तर स्पेनच्या बऱ्याच भागात इंग्रजी 'थिंक'मधल्या 'थ'सारखा. कुठलाही एक प्रकार धरा आणि त्यालाच चिकटून राहा.

आघाताचा नियम तर एका ओळीत बसतो. शब्द स्वराने, 'एन'ने किंवा 'एस'ने संपला तर जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर, नाहीतर शेवटच्या अवयवावर. नियम मोडत असेल तर त्या स्वरावर तिरकी रेघ देतात. ही रेघ शोभेची नाही. 'पापा'मधल्या पहिल्या 'पा'वर जोर दिला तर लॅटिन अमेरिकेत तो बटाटा, दुसऱ्या 'पा'वर दिला तर बाबा!

व्याकरण : इंग्रजी बाजूला ठेवा

इथे तर आपली चांदी आहे. काही उदाहरणं बघा.

एक, 'मे गुस्ता एल मांगो' म्हणजे 'मला आंबा आवडतो' आणि 'मे गुस्तान लोस मांगोस' म्हणजे 'मला आंबे आवडतात'. क्रियापद आंब्याप्रमाणे बदललं, माझ्याप्रमाणे नाही. अगदी मराठीसारखं! इंग्रजीतून 'आय लाइक' करत आलेला माणूस इथे हमखास अडखळतो.

दोन, 'तू' म्हणजे 'तू'च. उच्चारसुद्धा तोच. आदराने बोलायचं तर 'उस्तेद', म्हणजे आपलं 'तुम्ही'. सरांशी कसं बोलायचं आणि होस्टेलच्या रूम पार्टनरशी कसं, हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

तीन, 'आब्ले' म्हणजे 'बोललो' आणि 'आब्लाबा' म्हणजे 'बोलायचो'. स्पॅनिशमधले हे दोन भूतकाळ भल्याभल्यांना रडवतात. पण 'काल बोललो' आणि 'लहानपणी रोज बोलायचो' यातला फरक आपल्या कानाला आधीच माहीत आहे. शंका आली की वाक्य मराठीत म्हणून बघा. 'यचो-यची' आलं तर बहुधा दुसरा भूतकाळ.

चार, 'किएरो के बेंगास' म्हणजे 'तू यावंस असं मला वाटतं'. यातल्या 'बेंगास'ला पुस्तकात सबजंक्टिव्ह असं भारदस्त नाव आहे. मराठीत तो आपला साधा 'यावं, करावं, जावं' आहे. प्रत्येक ठिकाणी जोडी तंतोतंत जुळत नाही, पण इच्छा, विनंती, सल्ला यांच्या वाक्यांत बरोबर लागू पडते.

पाच, 'असणे' या अर्थाची दोन क्रियापदं आहेत, 'सेर' आणि 'एस्तार'. 'एस आबुर्रिदो' म्हणजे तो कंटाळवाणा आहे, 'एस्ता आबुर्रिदो' म्हणजे तो कंटाळलेला आहे. काही लेक्चर्सना दोन्ही वाक्यं एकाच वेळी लागू होतात, सर पहिलं आणि आपण दुसरं!

लिंगं मात्र तीनऐवजी दोनच, म्हणजे आपल्याला एक कमी. 'चांगला मुलगा, चांगली मुलगी' तसं 'निन्यो बुएनो, निन्या बुएना'. 'आ'ने संपणारे शब्द बहुधा स्त्रीलिंगी. पण प्रोब्लेमा, सिस्तेमा, प्रोग्रामा, दियाग्रामा, तेओरेमा हे सगळे ग्रीकमधून आलेले पाहुणे पुल्लिंगी. आणि 'मानो' म्हणजे हात, हा 'ओ'ने संपूनही स्त्रीलिंगी. म्हणून शब्द पाठ करताना 'एल' किंवा 'ला' लावूनच पाठ करा.

शब्द : निम्मे आधीच खिशात आहेत

इंजिनिअरला फायद्याचे दोन फॉर्म्युले देतो. इंग्रजी शब्द 'शन'ने संपत असेल तर बऱ्याचदा स्पॅनिशमध्ये 'स्योन' करा. प्रोदुक्स्योन, एकुआस्योन, फुन्स्योन, इन्स्तालास्योन. सगळे स्त्रीलिंगी. आणि 'टी'ने संपणाऱ्या गुणवाचक शब्दांना 'दाद' लावा. बेलोसिदाद, देन्सिदाद, कापासिदाद, एलेक्त्रिसिदाद. हेही स्त्रीलिंगी.

दुसरा खजिना आपल्या घरातच आहे. पोर्तुगीजांमुळे मराठीत बरेच शब्द आले, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. आपला 'पगार' घ्या, स्पॅनिशमध्ये 'पागार' म्हणजे पैसे देणे. 'बिजागरी'ला 'बिसाग्रा', 'पाव'ला 'पान', 'घमेल्या'ला 'गामेया'. बांधकामावरचा आपला 'मेस्त्री' तिकडे 'मायेस्त्रो'. 'चावी'ला 'यावे', आणि गंमत म्हणजे वर्कशॉपमध्ये 'यावे' म्हणजे स्पॅनर! आपण ज्याला अॅडजस्टेबल पाना म्हणतो तो त्यांचा 'यावे इंग्लेसा', म्हणजे शब्दशः इंग्रजी चावी.

पण काही शब्द चकवतात. 'फाब्रिका' म्हणजे कापड नव्हे, कारखाना. 'आक्तुआल' म्हणजे सध्याचा. 'एक्सितो' म्हणजे बाहेर जायचा दरवाजा नव्हे, यश. 'कार्पेता' म्हणजे फोल्डर. आणि लाज वाटली म्हणून कोणी मुलीने 'एम्बारासादा' म्हटलं तर तिने आपण गर्भवती असल्याचं जाहीर केलं असा अर्थ होतो!

आकड्यांमध्ये तर फारच जपा. इंग्रजी 'बिलियन' म्हणजे १ वर ९ शून्यं, पण स्पॅनिश 'बियोन' म्हणजे १ वर १२ शून्यं. तसंच स्पेनच्या ड्रॉइंगवर १२,५०० लिहिलेलं दिसलं तर ते साडेबारा हजार नव्हे, साडेबारा! तिथे दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. मेक्सिकोत मात्र आपल्यासारखं टिंब.

वर्कशॉपमधला एक अनुभव

मागच्या उन्हाळ्यात एका कारखान्यात इंटर्नशिपला होतो. तिथे एक जुनं स्पॅनिश बनावटीचं सीएनसी लेथ होतं. स्क्रीनवरचे अलार्म सगळे स्पॅनिशमध्ये. मॅन्युअल कधीच गहाळ झालेलं. ते मशीन चालवणारे काका मेसेज अक्षरओळख म्हणून नव्हे, चित्र म्हणून ओळखायचे. "हा छोटा आला की ऑइल बघायचं, हा मोठा आला की दार उघडं." एके दिवशी वेगळाच मेसेज आला. काकांनी रिसेट दाबलं आणि पुन्हा सायकल सुरू करायला हात पुढे केला. मी वाचलं, 'बाखा प्रेस्योन एन एल प्लातो'. 'प्लातो' म्हणजे जेवणाचं ताट एवढंच मला माहीत होतं. पण 'बाखा प्रेस्योन' म्हणजे प्रेशर कमी, हे नक्की कळलं. "काका, थांबा!" म्हणालो. मेंटेनन्सवाल्यांनी येऊन पाहिलं तर चकला जाणारं हायड्रॉलिक प्रेशर घसरलं होतं. लेथच्या भाषेत 'प्लातो' म्हणजे चक! जॉब फिरता फिरता सुटला असता तर काय झालं असतं, हे वर्कशॉप केलेल्यांना सांगायला नको.

नंतर काका म्हणाले, "हे सगळं मराठीत लिहून दे की रे." दोन दिवस बसून ४० अलार्मची यादी केली, लॅमिनेट करून मशीनला लावली. सगळ्यात वर तीन ओळी : 'पेलिग्रो' म्हणजे धोका, 'आल्ता तेन्स्योन' म्हणजे हाय व्होल्टेज, 'नो तोकार' म्हणजे हात लावू नका. क्लासच्या पुस्तकात हॉटेल, विमानतळ, टोमॅटोचा भाव सगळं होतं, 'चक' नव्हता. म्हणून सांगतो, आपल्या ब्रँचचे शब्द स्वतः गोळा करा. विकिपीडियावर स्पॅनिशमधून आपल्या ओळखीचा विषय उघडा. डिझेल इंजिन आपल्याला माहीत असतं, त्यामुळे अर्धा लेख डिक्शनरीशिवाय समजतो.

रोजचा कार्यक्रम : ४५ मिनिटं

१५ मिनिटं कान : बसमध्ये किंवा मेसच्या रांगेत. 'लँग्वेज ट्रान्सफर'चा स्पॅनिशचा ऑडिओ कोर्स फुकट आहे आणि तो पाठांतराऐवजी विचार करायला लावतो. ऐकताना उत्तर मोठ्याने द्या. लोक बघतात, बघू देत.

१५ मिनिटं शब्द : रोज १० नवे. 'अंकी' हे सॉफ्टवेअर वापरा, नाहीतर कागदाची कार्डं करा. जर्मन पत्रकार सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ साली सांगितलेली पद्धत सोपी आहे. पाच खोके घ्यायचे. आलेलं कार्ड पुढच्या खोक्यात, न आलेलं परत पहिल्या खोक्यात. पुढचा खोका जास्त दिवसांनी उघडायचा. आठवड्याचे ६ दिवस आणि १६ आठवड्यांची सेम धरली तर ९६० शब्द होतात. रविवारी फक्त उजळणी. कार्डावर सुटा शब्द नको, छोटं वाक्य लिहा.

१५ मिनिटं तोंड : प्रॅक्टिकल करताना जे हातात आहे त्याचं नाव घ्या, जे करताय ते स्पॅनिशमध्ये पुटपुटा. पाच ओळींची डायरी लिहा. 'ला कासा दे पापेल' (२०१७) होस्टेलवर सगळ्यांनी पाहिलीच आहे. आता त्यातली पाचच मिनिटं घ्या आणि तीनदा पाहा. आधी सबटायटल्सशिवाय, मग स्पॅनिश सबटायटल्ससह, मग पुन्हा तशीच. इंग्रजी सबटायटल्स लावलीत तर इंग्रजीच सुधारेल.

परीक्षेशिवाय हात हलत नाहीत अशी आपली जात, म्हणून तेही सांगतो. स्पेनच्या 'इन्स्तितुतो सेर्वान्तेस'ची 'देले' परीक्षा जगभर मान्य आहे. ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पातळ्या, आणि सर्टिफिकेट एकदा मिळालं की त्याला मुदत नाही. संस्थेचं केंद्र नवी दिल्लीत आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, तिथे स्पॅनिश शिकवतात. क्लास लावा किंवा लावू नका, रोजची ४५ मिनिटं कोणी दुसरा तुमच्यासाठी भरणार नाही.

सहाव्या आठवड्यात क्रियापदांचा तक्ता समोर येईल. तेव्हा पुस्तक मिटू नका. पहिल्या फेरीत फक्त 'मी' आणि 'तू'ची रूपं करा, वर्तमानकाळात, २० क्रियापदांची. बाकीची वापरता वापरता येतात. शेवटी आपणही 'जाणे'चं 'गेलो' कसं झालं ते कुठे पाठ केलं होतं?

दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही चार-पाच जण कॅन्टीनच्या मागच्या कट्ट्यावर बसतो. नियम एकच, चहा संपेपर्यंत स्पॅनिश. ज्यांना 'ओला'च्या पुढे काही येत नाही त्यांनी तर नक्की या. चहा ज्याचा त्याचा, शब्द सगळ्यांचे.

बुएना सुएर्ते! म्हणजे शुभेच्छा!

- तृतीय वर्ष, मेकॅनिकल