दाताला लागलेली कीड



"दाढ किडली" असे आपण म्हणतो. त्यामुळे पुष्कळांना वाटते की दातात खरोखर अळी असते. रिंगणीच्या बियांची धुरी तोंडात घेतली की अळ्या पडतात, असे जुनी माणसे सांगतात. अळीबिळी काही नसते. पिअर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ सालीच आपल्या ग्रंथात ही समजूत खोडून काढली.

मग दात पोखरतो कोण? डोळ्यांना न दिसणारे जंतू. दातावर नखाने खरवडले तर पिवळट चिकट थर निघतो, तो त्यांचाच. साखर मिळाली की हे जंतू आम्ल तयार करतात. दातावरचे कवच हाडापेक्षाही टणक असते, पण आम्लापुढे ते विरघळते. मोडलेले हाड जुळून येते. दाताला पडलेले भोक मात्र आपोआप कधीच भरत नाही.

आपला तर साखर कारखान्यांचा मुलूख! माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर. गळिताचा हंगाम सुरू झाला की पोरांच्या हातात उसाचे कांडके, गुऱ्हाळावर गरम गूळ नि काकवी. ऊस खाऊ नका असे मी म्हणणार नाही, म्हटले तरी ऐकणार कोण? पण एक हिशेब ध्यानात घ्या. गोड खाल्ल्यावर सुमारे अर्धा तास तोंडात आम्ल राहते. एकदाच बसून दोन कांडकी खाल्ली तर ते एकदाच होते. खिशातली गोळी दिवसभर चघळली तर दिवसभर चालते. म्हणून गोड खायचे ते जेवणाबरोबर, आणि नंतर खळखळून चूळ भरायची. झोपेत लाळ कमी सुटते, दात धुतले जात नाहीत. सकाळइतकेच, किंबहुना जास्तच, रात्री झोपताना दात घासणे महत्त्वाचे. फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी पुरते. राख, कोळसा, विटकरीची भुकटी नको, ती कवच झिजवते.

पालकांनी हे जरूर वाचावे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कोणताच दात पडत नाही, म्हणून घरचे म्हणतात, "दुधाचीच आहे, पडेल." ती पडत नाही. ती कायमची दाढ आहे, जन्मभर पुरायची. ती किडलेली दिसली तर लगेच डॉक्टरांना दाखवा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येऊन दातही तपासते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

आता मिसरी. तव्यावर भाजलेला तंबाखूच तो. दाढदुखी थांबते म्हणून आयाबाया ती लावू लागतात. ठणका थोडा वेळ बधिर होतो, कीड आत चालूच राहते आणि सवय मात्र सुटत नाही. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. आजीला रागावू नका, पण तिच्या गालात पांढरा चट्टा किंवा दोन आठवडे न भरलेली जखम असेल तर तिला इंदापूर किंवा बारामतीच्या सरकारी दवाखान्यात न्यायला वडिलांना सांगा.

जाता जाता कबड्डीवाल्यांसाठी. पडून कायमचा दात मुळासकट निघाला तर तो फेकू नका. मुळाला हात न लावता उचला, घासू नका, थंड दुधाच्या पेल्यात टाका आणि तासाभराच्या आत दातांच्या डॉक्टरांकडे पळा. पुष्कळदा तो परत बसतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.