फोन वाजतो, पण कुणाकडे? (हॉस्टेलसाठी अॅस्टेरिस्क : कॉल राउटिंगचा पहिला धडा)

एक साधा प्रश्न. रात्री साडेअकराला राधानगरी किंवा गगनबावड्याहून एखाद्याच्या वडिलांनी कॉलेजच्या लँडलाइनवर फोन केला, तर तो कुठे वाजतो? ऑफिसात. आणि ऑफिसला तर कुलूप! पोराचा मोबाइल बंद, रेक्टरचा नंबर घरच्यांकडे नाही, आणि टेबलावरचा फोन वाजून वाजून गप्प. लाइन चालू आहे, बिल भरलेलं आहे, रेक्टर जागे आहेत. तरीही निरोप पोचत नाही. अडचण फोनची नसून वाटेची आहे. ही वाट ठरवणं म्हणजेच कॉल राउटिंग.

थोडा इतिहास

पूर्वी ही वाट माणूस ठरवायचा. एक्स्चेंजमधला ऑपरेटर विचारायचा "कोण हवंय?" आणि हाताने दोर जोडून द्यायचा. अमेरिकेत कॅन्सस सिटीचे आल्मन स्ट्रोजर हे अंत्यविधीचं सामान पुरवणारे गृहस्थ. गिऱ्हाइकांचे फोन ऑपरेटर आपल्या प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्यांना संशय होता म्हणे! १८९१ मध्ये त्यांनी ऑपरेटरशिवाय चालणाऱ्या स्वयंचलित स्विचचं पेटंट घेतलं. आपल्याकडे १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झालं. त्यांचं १२८ लाइनचं ग्रामीण एक्स्चेंज एअर कंडिशनिंगशिवाय चालायचं. पहिलं बसलं १९८६ मध्ये, आपल्याच हायवेवर बेळगावच्या पुढे असलेल्या कित्तूरला.

१९९९ मध्ये मार्क स्पेन्सर या तरुणाला स्वतःच्या छोट्या कंपनीसाठी फोन सिस्टिम हवी होती. विकत घेणं परवडेना, म्हणून त्याने ती लिनक्सवर स्वतः लिहिली आणि सोर्स कोड सगळ्यांना खुला केला. तीच 'अॅस्टेरिस्क', म्हणजे ताराचिन्ह. कमांड लाइनवर ताराचिन्ह जसं कशालाही जुळतं, तशी ही प्रणाली कुठल्याही फोनला जुळावी अशी कल्पना. तिच्यावर वेब पानांतून सेटिंग करायची सोय म्हणजे 'फ्रीपीबीएक्स'. त्याची १७ वी आवृत्ती डेबियन १२ वर चालते. जुन्या नोट्समध्ये 'चॅन सिप' दिसलं तर ते सोडून द्या. अॅस्टेरिस्क २१ पासून ते काढून टाकलंय, 'पीजेसिप' वापरा.

सामान काय लागेल?

एक साधा कॉम्प्युटर, हॉस्टेलचं लॅन, काही आयपी फोन आणि एक गेटवे. गेटवेवर दोन प्रकारचे पोर्ट असतात. एफएक्सओ पोर्टात बाहेरून आलेली लँडलाइन लावायची, एफएक्सएस पोर्टात आपला जुना साधा फोन. उलटं लावू नका! तांब्याच्या लाइनऐवजी ऑपरेटरकडून एसआयपी ट्रंक घेतली तर गेटवेचीही गरज नाही. कॉम्प्युटर, नेटवर्क स्विच, गेटवे आणि फोन हे सगळं यूपीएसवर हवं. नाहीतर लाइट गेली की फोनही गेला.

आधी कागद, मग कॉम्प्युटर

अंतर्गत नंबर म्हणजे एक्स्टेन्शन. ते १ ने सुरू करू नका, कारण १०१, १०८, ११२ तिथे आहेत. ० म्हणजे एसटीडी. २ ने कोल्हापुरातले बीएसएनएलचे नंबर सुरू होतात आणि ६ ते ९ ने मोबाइल. उरले ३, ४, ५. म्हणून ऑफिस आणि स्टाफला ३०१ पासून, मुलांच्या हॉस्टेलला ४०१ पासून, मुलींच्या हॉस्टेलला ५०१ पासून द्या. असं केलं की तीन आकडे दाबले की लगेच कळतं, आणखी आकडे येणार का याची वाट बघावी लागत नाही.

आत येणारा कॉल

बाहेरून आलेल्या कॉलचा प्रवास पाटाच्या पाण्यासारखा समजा. प्रत्येक वळणावर पुढची वाट कुठली हे आपणच सांगायचं.

१) इनबाउंड रूट : अमुक लाइनवर आलेला कॉल कुठे पाठवायचा, ही पहिली पाटी. इथून तो टाइम कंडिशनकडे जाऊ द्या.

२) टाइम कंडिशन : ऑफिसची वेळ असेल तर ऑफिस, नसेल तर हॉस्टेल. सर्व्हरचा टाइम झोन आधी तपासा. घड्याळ ग्रीनिच वेळेवर राहिलं तर तुमचं सकाळी १० चं ऑफिस दुपारी साडेतीनला उघडेल! गणपती, दिवाळीच्या सुट्ट्यांसाठी टाइम कंडिशनला एक कोड मिळतो. तो फोनवरून डायल केला की वेळापत्रक हाताने फिरवता येतं.

३) आयव्हीआर : "मुलांच्या हॉस्टेलसाठी १, मुलींच्या हॉस्टेलसाठी २." एवढंच पुरे, आणि तेही आपल्याच कुणाच्या तरी आवाजात, मराठीत. इथे एक गोष्ट विसरू नका. फोन करणारी एखादी आजी असेल, तिने काहीच दाबलं नाही तर? पाच-सात सेकंदांनी कॉल रेक्टरकडे गेला पाहिजे. चुकीचं बटण दाबलं तरीही तिथेच. 'चुकीची निवड' म्हणून फोन तोडणं म्हणजे दारात आलेल्या पाहुण्याला हाकलणं.

४) रिंग ग्रुप : रेक्टर, वॉचमन आणि फ्लोअर प्रतिनिधी यांचे फोन एकदम वाजवायचे, की एकामागून एक? रात्री एकदम वाजवलेले बरे. २० ते २५ सेकंद कुणी उचललं नाही, तर पुढचं ठिकाण रेक्टरचा मोबाइल.

मोबाइलला पाठवताना एक गोची आहे. साध्या लँडलाइनवरून बाहेर डायल केलं की गेटवेला समोरच्याने फोन खरंच उचलला की नाही हे बहुधा कळत नाही. तो डायल होताच 'उचलला' असं धरतो. त्यामुळे मोबाइल त्याच रिंग ग्रुपमध्ये घातला तर आतले फोन एका क्षणात वाजायचे थांबतात, आणि फोन करणाऱ्याला "आपण डायल केलेला नंबर बंद आहे" ऐकू येतं. म्हणून मोबाइल नेहमी शेवटच्या पायरीवर ठेवा आणि 'कन्फर्म कॉल्स' चालू करा. मग मोबाइलवर १ दाबल्याशिवाय कॉल जोडला जात नाही. शिवाय आत एक आणि बाहेर एक अशा दोन लाइन त्यात गुंततात, हेही लक्षात घ्या. एकच लाइन असेल तर हा खेळ जमणार नाही.

बाहेर जाणारा कॉल

इथे नियम 'पॅटर्न'ने लिहितात. एक्स म्हणजे ० ते ९, झेड म्हणजे १ ते ९, एन म्हणजे २ ते ९. आणि क्रम महत्त्वाचा. वरचा रूट आधी तपासला जातो.

पहिला रूट तातडीचा : ११२, १०८, १०१. याला पासवर्ड नाही, वेळेचं बंधन नाही, कुठल्याही एक्स्टेन्शनवरून लागलाच पाहिजे, आणि शक्यतो इथल्याच लँडलाइनवरून.

दुसरा स्थानिक : २ आणि पुढे सहा एक्स.

तिसरा मोबाइल : ६ ते ९ पैकी एक आकडा आणि पुढे नऊ एक्स. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी ० लावावा लागतो. तो लोकांनी लक्षात ठेवायची गरज नाही. रूटमधल्या 'प्रिपेंड'च्या रकान्यात ० लिहा, सिस्टिम लावेल.

चौथा एसटीडी : ०, मग झेड, मग नऊ एक्स. झेड का? कारण त्यामुळे ०० ने सुरू होणारा परदेशी नंबर जुळतच नाही. काही जण कंटाळून 'एक्स आणि टिंब' असा एकच पॅटर्न ठेवतात. टिंब म्हणजे पुढे काहीही चालेल. म्हणजे तिजोरी उघडी!

हे गमतीत घेऊ नका. इंटरनेटवर ५०६० हे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. एक्स्टेन्शन ४०१ आणि पासवर्डही ४०१ असं सापडलं की तुमच्या लाइनवरून परदेशात कॉल जातात, आणि बिल येतं कॉलेजला. म्हणून पासवर्ड लांब ठेवा, सर्व्हर फायरवॉलच्या आत ठेवा आणि ऑपरेटरकडूनही आयएसडी बंद करून घ्या. ट्रंक परवानाधारक ऑपरेटरचीच घ्यायची. सिम बॉक्स लावून परदेशी कॉल लोकल म्हणून फिरवणं हा गुन्हा आहे, 'प्रोजेक्ट' नव्हे.

तपासणी

*४३ दाबलं की स्वतःचा आवाज परत ऐकू येतो. *६० वर सर्व्हरचं घड्याळ कळतं. ७७७७ डायल केलं की बाहेरून कॉल आल्याचं नाटक होतं, एक पैसाही खर्च न होता. मग एका मित्राला बाहेरून खरा फोन लावायला सांगा. एकदा दुपारी, एकदा रात्री, एकदा काहीही न दाबता, एकदा सगळे फोन वाजत ठेवून. अॅस्टेरिस्कच्या कन्सोलवर कॉल कुठल्या पायरीवर आहे ते ओळीओळीने दिसतं. फोन ठेवल्यावर लाइन मोकळी होते का, हेही बघा. ऑपरेटरचा बिझी टोन गेटवेला ओळखता आला नाही तर लाइन अडकून बसते.

आपल्याला याचा उपयोग काय?

गडमुडशिंगीच्या एका बाजूला उजळाईवाडीचा विमानतळ, दुसऱ्या बाजूला गांधीनगरची बाजारपेठ. एरवी मोबाइलला रेंज असते, मग हे कशाला, असं कुणी म्हणेल. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ आठवा. पंचगंगेच्या पुराने पुणे–बंगळूर हायवे बंद पडला होता. अशा वेळी बाहेरची लाइन मेली तरी आपल्या लॅनवरचे अंतर्गत फोन चालू राहतात. हॉस्टेल ते मेस, मेस ते रेक्टर, रेक्टर ते गेट. त्यासाठी इंटरनेटही लागत नाही, यूपीएस मात्र लागतो.

इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर आणि आयटीवाल्यांना एकत्र येऊन करण्यासारखा हा मिनी प्रोजेक्ट आहे. सुरुवात दोन मोबाइलवर सॉफ्टफोन टाकून आणि एका जुन्या कॉम्प्युटरवर करा. जमलं की राउटिंगचा तक्ता कागदावर काढून रेक्टरच्या खोलीत आणि ऑफिसात चिकटवा. कारण तुम्ही पास होऊन जाल, फोन मात्र वाजतच राहणार. तेव्हा तो कुणीतरी उचलायला हवा.