सर्वांत स्वस्त यंत्र म्हणजे कमअस्सल?

प्रश्न : सरकारी रुग्णालयं सर्वांत कमी दराचं यंत्र घेतात, म्हणून ते लवकर बिघडतं, असं ऐकतो. आमचं गणेश मंडळ वर्गणीतून ग्रामीण रुग्णालयाला सोनोग्राफी यंत्र देणार आहे. योग्य ठरेल का?
– एक वाचक, जि. बीड

उत्तर : मंडळाचा हेतू मोलाचा आहे, पण समज अर्धवट आहे. सरकारी खरेदीच्या निविदेत साधारणपणे दोन लिफाफे असतात. आधी तांत्रिक लिफाफा उघडतात. अटींत न बसणारं यंत्र कितीही स्वस्त असलं तरी तिथंच बाद होतं. दर पाहतात तो उरलेल्यांचा.

खरी मेख देखभालीत आहे. सोनोग्राफीचा प्रोब हातातून पडला, की पडद्यावरच्या चित्रात काळे पट्टे येतात. तो कोण बदलणार, हे करारात नसेल तर लाखोंचं यंत्र कापडाखाली झाकून पडतं! म्हणूनच केंद्राच्या २०१५च्या देखभाल कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयातली यंत्रं ९५ टक्के, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातली ८० टक्के वेळ चालू असावीत, असा दंडक आहे.

तेव्हा वर्गणी काढण्याआधी वैद्यकीय अधीक्षकांना लेखी विचारा : यंत्र चालवणारा प्रशिक्षित डॉक्टर आहे का? हमीकाळानंतर देखभालीचा खर्च कोण करणार?

एक सावधगिरी मात्र हवीच. गर्भलिंग निदानविरोधी कायद्यानुसार (१९९४) सोनोग्राफी यंत्र नोंदणी नसलेल्या केंद्राला देता येत नाही. जुनं यंत्र परस्पर आणून देऊ नका. व्यवहार रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीमार्फतच करा. रुग्णालयात यंत्र आधीच असेल, तर त्याच्या दुरुस्तीला दिलेली वर्गणी अधिक उपयोगी पडेल.